खांदा आणि खटका

विस्कॉन्सिनमध्ये नोकरीला आल्यावर पहिल्याच सप्टेंबरात लक्षात आलं की, आमच्या टीममधले तीन-चार जण शुक्रवारी दुपारीच गायब व्हायला लागलेत. कॅलेंडरवर मीटिंग नाही, सुट्टी नाही. विचारल्यावर कळलं, हरणांचा सीझन सुरू झालाय. बंदुकीचा नाही, धनुष्यबाणाचा. मी पुण्याहून आलेलो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार ही एकतर कोर्टकचेरीची बातमी असते, नाहीतर आजोबांच्या पिढीची गोष्ट. जावास्क्रिप्ट लिहिणारी माणसं वीकेंडला झाडावर चढून धनुष्य घेऊन बसतात, हे पचायला मला वेळ लागला.

त्यातल्या एका सहकाऱ्याच्या घरी मी जेवायला गेलो होतो. गॅरेजमध्ये त्याच्या वडिलांची धनुष्यं टांगलेली होती. वडील तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे. चाळीस वर्षं दर सीझनला धनुष्य घेऊन जंगलात गेलेला माणूस. कोपऱ्यात एक लांबट खोका पडला होता, टेपसुद्धा न फाडलेला. त्यात क्रॉसबो होता. वडिलांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं, धनुष्य ताणता येईना, म्हणून मुलानं भेट दिलेला. दोन सीझन तो खोका तसाच पडून होता आणि वडील दोन्ही सीझन घरी बसले होते. "ते काय धनुष्य नाही," एवढंच ते म्हणाले आणि त्यांनी विषय बदलला.

मला हे विचित्र वाटलं. आवडती गोष्ट सोडून द्यायला तयार, पण अवजार बदलायला तयार नाही. परतीच्या गाडीत मी फोनवर शोधायला सुरुवात केली. आधी वाटलं, दहा मिनिटांत उत्तर मिळेल. नंतर कळलं की, हा वाद निदान पाचशे वर्षं जुना आहे.

फरक नेमका कुठे आहे?

आधी यंत्र समजून घेऊ. उभं धनुष्य आपल्याला माहीत आहे: एका हातात धनुष्य, दुसऱ्या हातानं दोरी ओढायची, नेम धरायचा, सोडायची. क्रॉसबो म्हणजे तेच धनुष्य आडवं करून लाकडी दांड्यावर बसवलेलं. दोरी आधीच ओढून एका खाचेत अडकवून ठेवायची. दांड्यावरच्या खोबणीत आखूड बाण ठेवायचा. मग खांद्याला लावून बंदुकीसारखा खटका दाबायचा.

ऐकताना वाटतं, क्रॉसबो फार ताकदवान असणार. मध्ययुगीन क्रॉसबोचे आकडे तसे दिसतातही, काही तर कित्येक शे पौंडांच्या ताणाचे. पण बाणाला मिळणारी ऊर्जा नुसत्या ताणावर ठरत नाही, तो ताण किती अंतर बाणाला ढकलतो यावरही ठरते. समजा, १५० पौंडांचं उभं धनुष्य बाणाला २२ इंच ढकलतं आणि ४५० पौंडांचा क्रॉसबो फक्त ६ इंच. ढोबळ गुणाकार करा: १५० गुणिले २२ म्हणजे ३३००, आणि ४५० गुणिले ६ म्हणजे २७००. तिप्पट ताण असूनही क्रॉसबो मागेच. आजचे क्रॉसबो जास्त अंतर ढकलतात आणि वेगवान असतात, पण तरीही ती बंदूक नव्हे. हरणाच्या बाबतीत दोन्ही अवजारांचं काम एकच: धारदार पात्याचा बाण छातीतून, हृदय-फुप्फुसातून आरपार गेला पाहिजे. त्यासाठी दोन्हीकडे जवळ जावं लागतं.

अंतर वाढलं की काय होतं, ते मी एकदा कागदावर मांडून पाहिलं. हरीण ३० मीटरवर आहे. चांगल्या आधुनिक धनुष्याचा बाण सेकंदाला सुमारे ९० मीटर जातो, म्हणजे त्याला पोचायला ०.३३ सेकंद लागतात. दोरीचा आवाज मात्र ०.०९ सेकंदात पोचतो. म्हणजे आवाज ऐकून दचकायला हरणाला जवळपास पाव सेकंद मिळतो. दचकलेलं हरीण उडी मारण्याआधी पाय दुमडून खाली बसतं आणि बाण पाठीवरून जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलत्याच जागी लागतो. क्रॉसबोचा बाण सेकंदाला १२० मीटर धरला, तरी हरणाकडे सुमारे ०.१६ सेकंद उरतातच. शिवाय क्रॉसबोचा आवाजही सहसा मोठा. त्यामुळे 'क्रॉसबो म्हणजे लांबून मारायचं यंत्र' हा समज फारसा टिकत नाही.

खरा फरक बाण सुटल्यानंतर नाही, सुटण्याआधी आहे. वीस पावलांवर हरीण उभं असताना धनुष्य ताणायचं म्हणजे हालचाल करायची, आणि हरणाला हालचाल सगळ्यात आधी दिसते. ताणल्यावर ते जराही न थरथरता धरून ठेवायचं. हरीण झाडामागे थांबलं तर तुम्हीही थांबायचं, आणि तोवर हात भरून येतो. क्रॉसबोमध्ये हा सगळा भाग गाळलेला आहे. ताणण्याचं काम यंत्रानं आधीच करून ठेवलंय, तुम्ही फक्त योग्य वेळेची वाट बघायची. धनुष्याला जी वर्षं द्यावी लागतात, ती या काही सेकंदांसाठी असतात. भांडणही तेवढ्याचंच आहे.

राजाची हरणं

हे भांडण सगळ्यात स्पष्ट दिसतं ते सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये. त्याआधी एक गैरसमज दूर करू. पोपनं ११३९ मध्ये क्रॉसबोवर बंदी घातली, असं वाक्य इंटरनेटवर जागोजागी सापडतं. त्या वर्षीच्या लॅटरन परिषदेचा तो नियम ख्रिस्ती लोकांविरुद्ध क्रॉसबोवाले आणि धनुर्धारी, दोघांनाही वापरू नका, असं सांगतो. उभं धनुष्य त्यातून सुटलेलं नव्हतं. 'क्रॉसबो तेवढा पापी' हा रंग नंतरचा आहे.

युरोपच्या मुख्य भूमीवर तर क्रॉसबो हे राजेरजवाड्यांचं शिकारीचं अवजार होतं. लुकास क्रानाखनं १५२९ मध्ये काढलेलं एक चित्र व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. त्यात सम्राट मॅक्सिमिलियन आणि सॅक्सनीचा इलेक्टर फ्रेडरिक नदीकाठी दडून हाकलून आणलेल्या सांबरांसारख्या मोठ्या हरणांवर क्रॉसबो रोखून आहेत. चौदाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या गास्तों फेब्युसनं शिकारीवर प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. उभ्या धनुष्याबद्दल त्याचा सल्ला असा की, हे नीट शिकायचं असेल तर इंग्लंडला जा, ती त्यांची विद्या आहे.

इंग्लंडला ही विद्या आपोआप आलेली नव्हती. १३६३ मध्ये तिसऱ्या एडवर्डनं हुकूम काढला की, सणासुदीच्या दिवशी धडधाकट पुरुषांनी धनुर्विद्येचा सराव करायचा, फुटबॉलसारखे खेळ बंद. कारण लष्करी होतं. लाँगबो एका दिवसात शिकता येत नाही, लहानपणापासून शरीर त्यासाठी घडवावं लागतं. आठव्या हेन्रीचं 'मेरी रोझ' हे जहाज १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये बाहेर काढलं गेलं. त्यात शंभराहून जास्त अखंड लाँगबो सापडले. त्यातल्या बहुतेकांचा ताण १०० पौंडांच्या वर असावा, असा अंदाज आहे. आज हरणाच्या शिकारीला ५०-६० पौंड पुरतात. जहाजावर सापडलेल्या काही सांगाड्यांमध्ये खांद्याच्या हाडाचं टोक, जे तरुणपणी जोडलं जायला हवं, ते जोडलं गेलेलंच नव्हतं. अभ्यासकांनी त्याचा संबंध वर्षानुवर्षांच्या धनुष्याच्या ताणाशी जोडला आहे. म्हणजे हे कौशल्य खांद्यात कोरलं जात होतं, शब्दशः.

आणि नेमक्या याच काळात लोक क्रॉसबो उचलायला लागले. त्याला ना बालपण द्यावं लागत होतं, ना खांदा. मग राजानं कायदे केले. १५०३ मध्ये सातव्या हेन्रीनं आणि नंतर आठव्या हेन्रीनं पुन्हा पुन्हा. १५१४ च्या कायद्यात दोन तक्रारी शेजारी-शेजारी येतात. एक, लोक क्रॉसबोच्या नादी लागलेत आणि लाँगबो विसरत चाललेत. दुसरी, राजाची आणि सरदारांची हरणं मारली जाताहेत. उपाय काय? क्रॉसबो वापरायला सरसकट बंदी नव्हती. ज्याची जमिनीतून येणारी वार्षिक मिळकत ३०० मार्क, म्हणजे २०० पौंड आहे, त्यानंच तो वापरायचा. तेव्हा साध्या मजुराला दिवसाला चार पेन्स मिळत. वर्षाला अडीचशे दिवस काम धरलं, तर २०० पौंड मिळवायला त्याला चाळीसहून जास्त वर्षं लागली असती. पुढे ही अट १०० पौंडांवर आली, पण गरिबाला त्यानं काही फरक पडत नव्हता.

हे वाचताना मला एकलव्य आठवला. आपल्याकडे अंगठा मागितला, तिकडे उत्पन्नाचा दाखला. विद्या कुणाच्या हाती जावी हे ठरवणारा माणूस विद्येच्या शुद्धतेबद्दल बोलत असतो, तेव्हा जरा थांबून बघावं, त्याची हरणं कुठे चरताहेत ते.

कारण राजघराण्याला स्वतःला क्रॉसबोचं वावडं नव्हतं. १५९१ च्या ऑगस्टमध्ये पहिली एलिझाबेथ ससेक्समधल्या काउड्रेला पाहुणी गेली. तिच्या हाती क्रॉसबो दिला गेला, हरणं तिच्यासमोर आणली गेली आणि तिनं तीन-चार पाडली. तेव्हा ती सत्तावन्न वर्षांची होती. लाँगबोनं हे तिला जमलं असतं का, असा प्रश्न कुणी विचारला नाही. तीस वर्षांनी, १६२१ मध्ये, कँटरबरीचे आर्चबिशप जॉर्ज अ‍ॅबट हॅम्पशायरमध्ये हरणावर क्रॉसबो चालवत होते. बाण चुकला आणि राखणदाराला लागला, तो मेला. श्रावणबाळाची गोष्ट आठवावी असा प्रसंग. रक्त सांडलेला माणूस धर्मगुरू राहू शकतो का, यावर चौकशी बसली, मतं विभागली गेली, शेवटी राजानं त्यांना माफ केलं. अ‍ॅबट पुढे आयुष्यभर दर महिन्याला एक उपास करत राहिले, असं सांगतात. क्रॉसबो सोपा आहे, पण सोपं म्हणजे निर्धोक नव्हे, हे त्या राखणदाराच्या घरच्यांना सगळ्यात आधी कळलं.

उलटा कायदा

आता अमेरिका. इथला धनुष्याचा पुनर्जन्म एका माणसामुळे झाला, ज्याचं सगळं जग संपलेलं होतं. १९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ याही जमातीचा एक माणूस एकटाच सापडला. त्याचे लोक कत्तलींमध्ये आणि उपासमारीत संपले होते. त्याला इशी म्हणत. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ संग्रहालयात राहताना त्यानं सॅक्स्टन पोप नावाच्या डॉक्टरला धनुष्य बनवायला, बाण घडवायला आणि हरणाजवळ दबकत जायला शिकवलं. १९१६ मध्ये इशी क्षयानं गेला. पोपनं १९२३ मध्ये धनुष्याच्या शिकारीवर पुस्तक लिहिलं आणि बंदुकीच्या देशात हजारोंना धनुष्याचं वेड लागलं. विस्कॉन्सिननं १९३४ मध्ये धनुष्यासाठी हरणांचा स्वतंत्र सीझन ठेवला. 'अ सँड काउंटी अल्मनॅक' लिहिणारा आल्डो लिओपोल्ड इथलाच, तोही स्वतः धनुष्य घडवायचा.

या वेडाचा गाभा हाच होता की, हे अवघड आहे. बंदूक असताना मुद्दाम अवघड वाट धरायची. पोप आणि त्याचा सोबती आर्थर यंग यांच्या नावानं १९६१ मध्ये एक क्लब निघाला, तो धनुष्यानं मारलेल्या मोठ्या जनावरांची नोंद ठेवतो. क्रॉसबोनं मारलेलं जनावर त्यात धरत नाहीत. बहुतेक राज्यांनीही बराच काळ धनुष्याच्या सीझनमध्ये क्रॉसबोला मज्जाव केला. अपवाद एकच: ज्यांना शारीरिक अपंगत्वामुळे धनुष्य ताणता येत नाही, ते. हेन्रीच्या इंग्लंडमध्ये क्रॉसबो मिरवायला श्रीमंती सिद्ध करावी लागायची, विसाव्या शतकातल्या अमेरिकेत तो वापरायला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागायला लागलं. माझ्या सहकाऱ्याच्या वडिलांचं मौन मला इथे समजलं. त्यांच्या पिढीत क्रॉसबो हातात घेणं म्हणजे 'मी आता त्यांच्यातला नाही' असं जाहीर करणं होतं.

गंमत म्हणजे, मधल्या काळात उभं धनुष्य तरी कुठे जुनं राहिलं होतं? मिसूरीच्या हॉलिस विल्बर अ‍ॅलननं धनुष्याच्या टोकांना कप्प्या बसवल्या, त्याचं पेटंट १९६९ मध्ये मिळालं. हेच कंपाउंड बो. कप्प्यांमुळे दोरी पूर्ण ओढली की ताण एकदम उतरतो. ७० पौंडांचं धनुष्य ८० टक्के ताण सोडत असेल, तर धरून ठेवायला फक्त १४ पौंड लागतात. त्यावर नेमासाठी चमकत्या पिना आणि दोरी सोडायला मनगटाला बांधलेला छोटा खटका. म्हणजे 'क्रॉसबोला खटका असतो' अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनगटावर खटका आहेच. इशीला हे धनुष्य दाखवलं असतं, तर त्यानं ते कुठल्या बाजूला ठेवलं असतं, कोण जाणे.

तरीही दुसऱ्या बाजूचा एक मुद्दा मला टाळता येत नाही. इथे धनुष्याचा सीझन सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत चालतो, आणि बंदुकीचा मुख्य सीझन नोव्हेंबरात नऊ दिवस. ही उदारता धनुष्याला मिळाली, कारण धनुष्यानं फारशी हरणं मरत नाहीत. आमच्या भाषेत सांगायचं, तर अवघडपणा हाच तिथला रेट लिमिटर होता. तो काढून टाकला, तर बाकीचे नियमही पुन्हा लिहावे लागतील. विस्कॉन्सिननं २०१४ पासून क्रॉसबोचं लायसन्स सगळ्यांना खुलं केलं, आणि काही वर्षांतच क्रॉसबोनं मारलेल्या हरणांची संख्या उभ्या धनुष्याच्या पुढे गेली. जुन्या धनुर्धाऱ्यांची भीती अगदीच खोटी नव्हती.

पण राज्यानं दार का उघडलं, तेही पाहावं लागतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणं काही लाखांवर आली होती, आज ती कोट्यवधी आहेत. मोठे शिकारी प्राणी बऱ्याच भागांतून गेले, शेतं आणि उपनगरं आली, हरणांना रान मोकळं झालं. ती पिकं खातात, गाड्यांवर आदळतात. २००२ पासून विस्कॉन्सिनमध्ये हरणांच्या मेंदूचा जीवघेणा आजारही सापडला आहे. उलट शिकारी म्हातारे होत चाललेत. आणि वन्यजीवांचं रक्षण बऱ्याच अंशी त्यांच्याच पैशावर चालतं: लायसन्सची फी, आणि १९३७ च्या कायद्यानं बंदुका-काडतुसांवर बसवलेला कर. धनुष्यबाणाचं सामान त्या करात आलं १९७२ मध्ये, म्हणजे आपल्याकडे वन्यजीव कायदा आला त्याच वर्षी. आपण शिकार थांबवून जंगल वाचवायचं ठरवलं, त्यांनी शिकाऱ्याकडून पैसे घेऊन. त्या गणितात एक निवृत्त खांदासुद्धा परवडत नाही.

खोका उघडल्यावर

खरं सांगायचं तर वाचायला लागलो, तेव्हा मी वडिलांच्या बाजूचा होतो. मी रात्र-रात्र जागून पॉइंटर शिकलो. आज नवीन आलेला मुलगा एआयला दोन ओळी लिहून तेच काम दुपारपर्यंत उरकतो, तेव्हा माझ्याही तोंडातून "ते काय कोडिंग नाही" असं निघता-निघता राहतं. आता ते वाक्य मी जरा तपासून घेतो. यात कामाची काळजी किती आणि माझ्या जागरणांची वसुली किती?

हरणापुरतं मला एवढं पटलंय. हरणाचं देणं एकच आहे: त्याला तडफडत ठेवायचं नाही. ज्याचा खांदा थरथरतो त्यानं हट्टानं धनुष्य ताणणं, यात हरणाचा सन्मान नाही. आणि ज्यानं वर्षं घालून हात कमावला, त्याचं काहीतरी खरोखरचं आहे, ते नाकारण्यातही अर्थ नाही. पण ते त्याचं आहे. दारावर उभं राहून दुसऱ्याकडून वसूल करायचं ते तिकीट नव्हे.

तिसऱ्या वर्षी त्यांनी खोका उघडला. ऑक्टोबरभर ते नुसतेच बसून परत येत राहिले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एक मादी पंचवीस पावलांवर आली, बाण फुप्फुसातून गेला, ती साठ-सत्तर पावलांत पडली. मटण त्यांनी टीममध्ये वाटलं. मला आईला फोनवर काय सांगायचं, हा प्रश्न पडला, तो अजून सुटलेला नाही.

मी त्यांना विचारलं, कसं वाटलं? ते म्हणाले, "नीट झालं. पण हातांना कळलं नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "पुढच्या वर्षी पण जाणार आहे."

गॅरेजमध्ये जुनी धनुष्यं अजून भिंतीवर आहेत. क्रॉसबोला त्यांनी शेजारी खुंटी ठोकली आहे, जराशी खाली.